राडोवानची लोहारकामाची परीक्षा: चार वेळा अडकले, पाचव्यांदा सुटले

किंगडम कम डिलिव्हरन्स २ खेळताना ताखोव गावातल्या लोहाराकडे जी परीक्षा द्यावी लागते त्यात मी पूर्ण सात दिवस अडकले होते. आता सुटले आहे, आणि डोक्यात सगळं ताजं आहे तोवर लिहून ठेवते, कारण मी अडकलेली असताना मराठीत कुणी काही सांगितलेलं सापडलं नाही आणि इंग्रजी व्हिडिओत सगळ्यांचं पहिल्या फटक्यात जमलेलं दिसायचं, ते बघून जास्तच खचायला व्हायचं.

आधी तयारीचं. गेम प्राग शहरातल्या वॉरहॉर्स स्टुडिओचा, ४ फेब्रुवारी २०२५ ला आला. मी घेतला दिवाळीच्या सेलमध्ये. पण घेण्याआधी एक गोष्ट नीट बघा, ह्याला १०० जीबी मोकळी जागा लागते आणि तीही एसएसडीवर. माझ्या जुन्या हार्डडिस्कवर तो चालण्यासारखा नव्हता म्हणून १ टीबीची एसएसडी घेतली, बसवण्यासकट साडेपाच हजाराच्या आसपास गेले. रॅमसुद्धा कमीत कमी १६ जीबी मागतो. डाउनलोड रात्री लावून झोपले, सकाळी डबा भरताना बघितलं तर अजून चालूच होतं. त्यामुळे शनिवारी खेळायचं असेल तर गुरुवारीच लावून ठेवा.

१ नोव्हेंबरला, शनिवारी, सुरू केलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, काळ १४०३ चा, जागा बोहेमिया, म्हणजे आजचं चेक प्रजासत्ताक. आपण हेन्री, स्कालित्स गावच्या मार्टिन लोहाराने वाढवलेला मुलगा. पहिला भाग २०१८ साली आला होता, त्याच्या सुरुवातीला त्याचे वडील गावच्या सरदारासाठी, राडझिगसाठी, एक तलवार घडवत असतात आणि हेन्रीला कोळसा आण, तलवारीची आडवी मूठ वाड्यावरून घेऊन ये, थंड बिअर आण अशी कामं सांगतात. त्याच दिवशी गावावर हल्ला होतो आणि आईवडील दोघं मारले जातात. गंमत अशी की त्या अख्ख्या पहिल्या भागात लोहाराचा हा मुलगा एकदाही ऐरणीवर हातोडा मारत नाही, फार तर दगडावर धार लावतो. भट्टी, भाता, ऐरण हे सगळं दुसऱ्या भागात आलं. म्हणून मला ते नीट करायचं होतं. कसंबसं उरकून पुढे जायचं मनात नव्हतं.

लोहारापर्यंत पोचायलाच मला साधारण नऊ तास लागले, रोज रात्री तास-दीड तास धरून एक आठवडा. हेन्री आणि त्याचा मालक हान्स केपन ट्रॉस्कीच्या किल्ल्यावर पत्र घेऊन निघतात, वाटेत तळ्याकाठी हल्ला होतो, पत्र जातं, घोडे जातात, चिलखत जातं. बोझेना नावाची औषधी झाडपाल्याचं जाणणारी बाई त्यांना आसरा देते. मग गुत्त्यात मारामारी, गावच्या चौकात खोड्यात अडकून शिक्षा, आणि शेवटी हान्स रागावून एकटाच निघून जातो. हेन्री उरतो फाटक्या कपड्यात. आता किल्ल्याच्या साहेबाला, फॉन बर्गोला, भेटायचं तर कसं? कागद नाही, ओळख नाही, दारावरचा शिपाई आत सोडत नाही. मार्ग एकच, हा साहेब सेमिनच्या लग्नाला येणार आहे आणि लग्नाला जायचं तर कुणाच्या तरी सोबत जायला हवं. एक पाणचक्कीवाला क्रायझल, नाहीतर ताखोवचा लोहार राडोवान. दोघांपैकी एकाचं काम करा, तो तुम्हाला नेईल. चक्कीवाल्याकडची कामं चोरीमारीची आहेत, कुलपं उघडण्याची. मी लोहार निवडला आणि त्याबद्दल एक क्षणही वाईट वाटलं नाही.

ताखोवला मी शनिवारी ८ तारखेला पोचले तर गेममध्ये रात्र होती. राडोवान झोपलेला. ह्या गेममध्ये प्रत्येकाची वेळ असते, सकाळी उठतात, कामाला लागतात, संध्याकाळी गुत्त्यावर, रात्री घरी. त्यामुळे लोहाराकडे दिवसाच जा, आणि रात्री पोचलात तर वेळ पुढे सरकवायची सोय आहे ती वापरा. रात्री लोकांच्या घरात शिरलात तर चोर समजतात. आणखी एक, जायच्या आधी पाण्याच्या हौदावर तोंड-हातपाय धुऊन घ्या, खोड्यातून सुटलेला हेन्री चिखलाने भरलेला असतो आणि अशा अवतारात लोक धड बोलत नाहीत. मी धुतलं. खिशात तेव्हा पंधरा-सोळा ग्रॉशेन, म्हणजे तिथली नाणी, होती फक्त.

राडोवानशी बोलणं झालं. तो म्हणतो आधी हात बघू. इथे परीक्षा सुरू.

आता ही परीक्षा असते कशी ते जरा सावकाश सांगते कारण इथेच सगळे गडबडतात. भट्टीत लोखंड ठेवायचं, भाता मारायचा, लोखंड तापलं की सांडशीने उचलून ऐरणीवर घ्यायचं आणि हातोड्याने ठोकत ठोकत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचं. एक बाजू झाली की उलटायचं. मध्ये थंड झालं की परत भट्टीत. सगळीकडून आकार आला की शेवटी पाण्यात बुडवायचं. स्क्रीनवर कुठलाही मीटर नाही, टक्केवारी नाही, इथे मारा म्हणून बाण नाही. सवय नसलेल्याला ह्याचाच धसका बसतो. मला बसला.

पहिल्या वेळी मी काय केलं तर भाता सोडेचना. जितकं जास्त तापेल तितकं चांगलं असं वाटलं. लोखंड शेंदरी झालं, पिवळं झालं, पांढरट झालं आणि ठिणग्या उडायला लागल्या, मी तशीच बघत बसले. तलवार बनली पण हलक्या दर्जाची. ती राडोवानला दाखवायची मला इच्छा झाली नाही म्हणून मागे जाऊन परत करायचं ठरवलं, आणि तेव्हा कळलं की सेव्ह चाळीस मिनिटं आधीचं आहे. ह्या गेममध्ये मनात येईल तेव्हा सेव्ह होत नाही, खेळता खेळता स्वतःहून करायचं तर एकतर स्वतःच्या हक्काच्या पलंगावर झोपावं लागतं नाहीतर सेव्हियर श्नॅप्स नावाची दारू प्यावी लागते. मी काहीच केलं नव्हतं. रात्रीचे पावणेएक वाजले होते, लॅपटॉप बंद केला आणि झोपले, झोप काही लवकर आली नाही. तेव्हा हे पहिलं लक्षात ठेवा, राडोवानशी बोलायच्या आधी एक श्नॅप्स पिऊन घ्या. तेवढ्यासाठी एखादी बाटली राखून ठेवा, बाकी कुठे खर्च केली नाहीत तरी चालेल.

रविवारी ९ तारखेला दोनदा प्रयत्न. दुसऱ्या वेळी उलट भीती वाटून फारच लवकर बाहेर काढलं, गडद लाल असतानाच, आणि ठोकत राहिले. तिसऱ्या वेळी रंग बरोबर साधला पण मी एकाच जागी पाच-सहा घाव घालत होते, मग दुसऱ्या जागी पाच-सहा. दोन्ही वेळा दर्जा हलकाच. व्हिडिओ बघितले, त्यात सगळे म्हणतात रंग बघा, ठिणग्या बघा. मी बघतच होते की.

सोमवारी आप्पा आले. साताऱ्याहून, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी. मंगळवारी ११ तारखेला उजव्या डोळ्याचं झालं, सगळं नीट झालं, त्या दोन दिवसांत गेम उघडला नाही. डॉक्टरांनी काळा चष्मा दिला, दिवसातून चार वेळा थेंब, आणि आठवडाभर टीव्ही-मोबाईल बंद सांगितलं. आप्पांचा सगळा दिवस वर्तमानपत्रात जातो, तेही बंद, म्हणून ते फार कंटाळले होते. गुरुवारी रात्री थेंब घालून झाले, ते दिवाणावर आडवे, मी टेबलावर गेम उघडला. हेडफोन घातला तर त्यांची हाक ऐकू येणार नाही म्हणून स्पीकरवरच लावला. चौथा प्रयत्न. ठोकायला सुरुवात केली आणि मागून आवाज आला.

"काय ठोकतीयस गं?"

म्हटलं, आप्पा, गेम आहे, तलवार करायचीय.

"थंड झालंय ते. कशाला मारतीयस?"

मी वळून बघितलं तर ते छताकडे तोंड करून पडलेले, काळा चष्मा लावून. त्यांना स्क्रीन दिसतच नव्हती. म्हटलं तुम्हाला कसं कळलं? तर म्हणाले, बद्द वाजतंय की.

आप्पा लहानपणी आमच्या गावातल्या लोहाराच्या शाळेवर, म्हणजे त्याच्या भट्टीवर, तासन् तास बसायचे. घरचे विळे-कोयते पाजवायला द्यायचे, कुळवाची पास, नांगराचा फाळ द्यायचे, आणि नंबर येईपर्यंत बसायचं, आणि बसलेल्या पोराला लोहार मोकळं सोडत नसे, भाता ओढायला लावायचा. हे मला माहीत होतं पण फक्त गोष्टीपुरतं. त्या रात्री त्यांनी मला नीट सांगितलं. लोहार स्वतः हातात लहान हातोडा घेऊन बसतो आणि समोर घणवाला उभा. लोहार लहान हातोड्याने टिंग करून जागा दाखवतो, घणवाला धाडकन् तिथेच घालतो. बोलायचं काही नाही, सगळं आवाजावर. लोखंड तापलेलं असेल तर घाव आत शिरल्यासारखा वाजतो आणि थंड झालं की हातोडा परत उडतो, ऐरण वेगळी बोलते, पोरासोरांना सुद्धा कळायचं की आता परत भट्टीत जाणार. म्हणाले, "डोळ्याने बघून मारायला गेलीस तर तुला उशीर होणारच. तू ऐक."

चौथा प्रयत्न तोवर वाया गेला होता. पण मी तिथेच बसून, परीक्षा वगैरे विसरून, नुसते घाव घालून ऐकत राहिले. आणि खरंच, गेममध्ये फरक आहे! नीट तापलेल्या जागी, जिथे अजून ठोकलं नाही तिथे घाव बसला की आवाज मोकळा येतो आणि ठिणग्या भरपूर उडतात. झालेल्या जागीच परत मारलं किंवा लोखंड थंड झालं की आवाज मेलेला येतो. इतके दिवस मी गेमचं संगीत पूर्ण आवाजात लावलं होतं, त्याच्याखाली हे सगळं दबून गेलेलं. सेटिंगमध्ये जाऊन संगीत अगदी खाली आणलं, बाकीचे आवाज वर. माझ्या मते ह्या परीक्षेतली सगळ्यात उपयोगाची गोष्ट हीच, बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

शुक्रवारी, १४ तारखेला, ऑफिसमधून लवकर निघाले. जेवणं उरकली, थेंब झाले. श्नॅप्स प्यायले, सेव्ह झालं. गेममध्ये सकाळ करून घेतली. आप्पा म्हणाले कर सुरू, आणि ते दिवाणावर भिंतीला टेकून बसले.

भाता मारला, पण थांबून थांबून. लाल, शेंदरी, त्यात पिवळी झाक आली की उचललं. पांढऱ्याकडे जायच्या आत. ऐरणीवर घेतलं आणि घाव घातला, पुढे सरकले, घाव, पुढे, घाव, पुढे. एका जागी रेंगाळायचं नाही. घाई पण नाही, एक घाव पुरता वाजून झाला की मग दुसरा. तीन-चार घावांनंतर आप्पा नुसते हं हं करत होते. मग आवाज जरा बदलल्यासारखा वाटला, मी अजून दोन घाव घालू की नको ह्या विचारात होते तोवर ते म्हणाले "घाल आत", मी घातलं आत. परत भाता. उलटं करून दुसरी बाजू.

आणि मग मध्येच आप्पा म्हणाले, "बाहेर कोण शीळ घालतंय?"

बाहेर कुणी नव्हतं. हेन्री शीळ घालत होता. मी ऐकून होते की घावांची लय जमली की काम करता करता हेन्री एक चाल शिळेवर वाजवायला लागतो, पण चार प्रयत्नांत माझ्या हेन्रीने एकदाही ओठ मिटले नव्हते त्यामुळे मी ते विसरूनच गेले होते. लय चुकली की तो थांबतो, लय परत धरली की परत सुरू करतो. मी त्याच्या शिळेवरच हात ठेवला, पुढचे सगळे घाव तसेच गेले, मला मोजावे लागले नाहीत, रंगाकडे सुद्धा फार बघावं लागलं नाही. मला एकदम तो पहिल्या भागातला दिवस आठवला, मार्टिन ऐरणीशी उभा आणि हा कोळसा घेऊन येतोय. ते काम शेवटी ह्याच्या हातात आलं. माझ्या डोळ्यात पाणी आलं, तेही लपवत नाही.

शेवटी पाण्यात बुडवली, फस्स आवाज झाला. आप्पा म्हणाले "पाणी पाजलंस?" आणि मग त्यांनी गावच्या कोयत्याचं सांगितलं, की लोहार अख्खा कोयता बुडवत नसे, नुसती धार पाण्यात धरायचा, बाहेर काढून पोलादावरचा रंग सरकताना बघायचा आणि मग परत बुडवायचा. जास्त पाणी बसलं तर धार तुकडे पडून जाते, कमी बसलं तर वळते. गेममध्ये इतकं नाही, एकदाच पूर्ण बुडवायची. पण त्यात सुद्धा एक आहे, पाण्यात घालायच्या आधी ती नीट तापलेली असू द्या, शेवटचा घाव घालून थंडच बुडवू नका, परत एकदा भट्टी दाखवून मग न्या. मी तसंच केलं.

तलवार चांगल्या दर्जाची निघाली. राडोवानला दाखवली, त्याने घेतली, काम दिलं. पूर्ण प्रक्रियेला त्या रात्री मोजून बारा-तेरा मिनिटं लागली असतील. पुढे त्याच्याकडे अजून बरंच करायचं असतं, ते सांगत नाही, ज्यांचं व्हायचंय त्यांचा रस जाईल.

आता काही जण विचारतील की इतकं कशाला, कसंही ठोकून पुढे जाता येतं. येत असेल. पण नंतर ह्याचा उपयोग खूप आहे. हेन्रीची कारागिरी वाढत जाते, नाल, कुऱ्हाडी, तलवारी करून विकता येतात, सुरुवातीच्या त्या भिकेच्या दिवसांत चार पैसे इथूनच मिळतात, आणि आराखडे मिळतील तसे वाचून घ्या, न वाचता विकू नका. सप्टेंबर २०२५ मध्ये लेगसी ऑफ द फोर्ज म्हणून वेगळा भागही आला, त्यात कुटेनबर्ग शहरात जळालेली भट्टी पुन्हा उभी करायची असते. मी अजून तिथवर पोचलेले नाही. आत्ताशी ताखोवहून निघतेय.

खर्चाचं विचाराल तर गेम, एसएसडी, बाकी काही नाही. माऊस-कीबोर्डवरच केलं, वेगळा कंट्रोलर घेतला नाही, लागतही नाही. वेळ मात्र द्या, आणि रात्री बारानंतर ही परीक्षा देऊ नका, माझे दोन प्रयत्न नुसते झोपेने गेले. घरात पंखा मोठ्याने लागत असेल तर तेवढ्यापुरता कमी करा.

मंगळवारी १८ तारखेला आप्पांची तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले डोळा छान आहे, थोडा वेळ टीव्ही बघायला हरकत नाही. घरी आल्यावर चहा झाला आणि ते स्वतःच म्हणाले, दाखव बघू तुझा तो लोहार. पहिल्यांदा त्यांनी ती भट्टी बघितली. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग भात्याकडे बोट करून म्हणाले, "ह्याला बराच दम दिसतोय." विळा करता येतो का विचारलं, म्हटलं नाही आप्पा, विळा नाही, घोड्याचा नाल होतो. मग नाल कर म्हणाले. मी केला, ह्या वेळी हेन्री अगदी सुरुवातीपासून शीळ घालत होता, आणि आप्पा स्क्रीनच्या इतके जवळ सरकले की मला त्यांना मागे बसवावं लागलं. नाल पाण्यातून बाहेर आल्यावर त्यांनी माझ्या वहीच्या मागच्या पानावर पेनाने एक खूर काढला, मधोमध फाटलेला, आणि त्याखाली दोन लहान तुकडे. घोड्याला अख्खा एक नाल लागतो, बैलाला प्रत्येक पायाला अशा दोन पत्र्या मारतात, म्हणाले, आणि पत्री मारायला बैल आधी दोरीने पाडावा लागतो, ते काम लोहाराच्या घावापेक्षा अवघड.